गाठीचा गडी

१

बीडच्या अदालतीत कागदांच्या नकला उतरवणारा राधाकिशन भित्रा नव्हता, पण धीट म्हणावा असाही नव्हता. समोर ठेवलेला कागद तो हुबेहूब उतरवायचा, काना-मात्रा चुकायचा नाही. खाली ‘नक्कल मुताबिक असल’, म्हणजे मुळाबरहुकूम नक्कल, असं लिहून तो कागद पुढं सरकवायचा, आणि त्यापलीकडे जगात काय चाललंय याची फारशी चौकशी करायचा नाही. अशा माणसानं उन्हाळ्यात एक जुनी सायकल घेतली, तेव्हा कचेरीत त्याचं भरपूर हसं झालं. मुंगीला पंख फुटले, असं पेशकारसाहेब म्हणाले. पंख फुटलेल्या मुंगीचं पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी त्यापुढं बोललं नाही.

रोज संध्याकाळी तो बिंदुसरेच्या काठानं मैल-दोन मैल जाऊन यायचा. त्याहून लांब कधी गेला नव्हता. आणि आज एकदम केजला निघाला होता, चौतीस मैल.

कारणही तसंच होतं. राधाकिशनला आईबाप आठवायचे ते अगदी पुसट. चुलत्याच्या दारात तो वाढला, आणि कधी वाढला तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. चुलता गेल्यावर रक्ताचं म्हणावं असं माणूस त्याला उरलंच नव्हतं. ते बारा दिवसांपूर्वी केजला जन्मलं. बायको शिवकन्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगा झाल्याचं कार्ड आलं. आज बारसं. जावयानं दिवे लागायच्या आत यावं, पोराला आत्या नाही तेव्हा नाव बापानंच कानात सांगावं, असं सासूबाईंनी, केशरबाईंनी, कुणाकडून तरी लिहून पाठवलं होतं.

नाव ठरलेलं होतं. पाळण्यात घालायच्या आधी नाव कुणाच्या कानी पडू नये म्हणतात, म्हणून राधाकिशननं ते शिवकन्येलाही कळवलं नव्हतं. बारा दिवस ते त्याच्या पोटात होतं. डोक्याला नवा केशरी फेटा होता, तोही त्या नावासाठीच.

जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी आणि तिला जोडून एक रजा, एवढंच हातात होतं. बैलगाडीनं गेलं तर त्यात नुसतं जाणं झालं असतं. नेमकी त्याच जुम्म्याला बीडच्या सायकल मंडळाची वर्षाची सफर केजला निघाली, आणि राधाकिशननं त्यात नाव घातलं.

मंडळ म्हणजे भगवानराव. शाळेतले ड्रॉइंग मास्तर, कमरेला पट्टा, पोटऱ्यांना पट्ट्या. सकाळी आठला वेशीबाहेर सहाही सायकली ओळीनं उभ्या करून त्यांनी कायदा सांगितला.

"मी पुढं. रस्त्याला खड्डे, गाड्या, म्हशी. माजी मान मागं वळायची न्हाई. मान वळली की हँडल वळतंय. म्हून ही घंटी. मी एकदा वाजवीन, माज्या मागचा एकदा, त्याच्या मागचा एकदा. शेवटचा दोनदा. दोनदा ऐकलं की मला समजलं, सगळे हायेत. ही आपली माळ हाय, अन् शेवटचा तिची गाठ. गाठ सुटली की मनी सांडले."

"गाठीला कोन?" राधाकिशननं विचारलं.

"नवा गडी. रिवाज हाय आपला."

नवा गडी तोच होता. मागल्या सालचा नवा गडी म्हणजे म्हाळू शिंपी, तो आता पाचवा, राधाकिशनच्या अगदी पुढं. म्हाळूनं एकदा राधाकिशनकडे बघितलं आणि उगाच आपल्या पुढच्या चाकाची हवा दाबून पाहिली.

निघण्याआधी घंट्या तपासल्या. राधाकिशनची घंटी ऐकून सगळे हसले. तिची स्प्रिंग ढिली होती. ‘ट्रिंग’ झालं की पाठोपाठ आत कुठंतरी ‘टक’ व्हायचं, म्हाताऱ्यानं बोलून झाल्यावर जीभ टाळूला लावावी तसं.

"ऱ्हाऊ द्या," भगवानराव म्हणाले. "वळखू तरी येतीय."

२

शहर सुटलं. थंडीचे दिवस, दोन्हीकडं हुरड्यात आलेली ज्वारी, रस्ता पांढऱ्या फुफाट्याचा. दर मैलाला भगवानरावांची घंटी वाजायची, मग दुसऱ्याची, तिसऱ्याची, असं करत म्हाळूची, आणि मग राधाकिशन दोनदा वाजवायचा. ट्रिंग-टक. ट्रिंग-टक. पुढून भगवानरावांची खणखणीत हाक यायची, "माळ पुरीऽऽ!" राधाकिशनला त्या हाकेची मोठी गंमत वाटली. आजवर त्याच्या असण्यानं कुठलीच गोष्ट पुरी झाली नव्हती.

मांजरसुंब्याच्या घाटाला लागल्यावर मात्र नाकी नऊ आले. मांड्या भरल्या, छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायला लागली. म्हाळू पुढं, आपण मागं, आणि आपल्या मागं कुणीच नाही, असा विचार करून राधाकिशननं पायांना तालात ठेवण्यासाठी ते पोटातलं नाव हळूच तोंडात आणलं. एका पायाला एक अक्षर. पाच अक्षरं, पाच पायडल. ओठातल्या ओठात, म्हाळूलाही ऐकू जाणार नाही इतकं हळू. नाव कुणाच्या कानी पडू नये म्हणतात खरं, पण इथं कान होतेच कुठं?

घाटाच्या मधल्या वळणावर भगवानरावांनी घंटी दिली. ती एकेक करत मागं आली. राधाकिशननं दोनदा वाजवली.

आणि त्याच्या मागं, वळणापलीकडं, दोनदा वाजली.

पुढून हाक आली, "माळ पुरीऽऽ!"

त्यानं मान वळवली. रस्ता मोकळा होता. फुफाट्यात चाकानं उडवलेली धूळ खाली बसत होती. डोंगर आहे, पडसाद उमटणारच, असं त्यानं मनाला समजावलं. शाळेच्या पोरालाही कळेल इतकी साधी गोष्ट. पण नकला उतरवणाऱ्याचा कान आणि डोळा वेगळा असतो. दोन पायडल पुढं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मागची घंटी स्वच्छ होती. नुसतं ट्रिंग, ट्रिंग. ‘टक’ नव्हतं.

नकलेत एक अक्षर गळालं होतं.

त्यानं नाव पुटपुटायचं थांबवलं. मग थोडा धीर आल्यावर, चढ फारच जिवावर आला म्हणून, पुन्हा सुरू केलं.

३

नेकनूरला पोचेस्तोवर बारा वाजून गेले. चहाच्या दुकानासमोर चिंचेला सायकली टेकवल्या, भाकरी सोडल्या. लोक थट्टामस्करी करत होते. कुणी भगवानरावांच्या पोटऱ्यांची नक्कल केली, कुणी राधाकिशनला बाप झाल्याचे पेढे मागितले. तोही हसला. भर दुपारी, इतक्या माणसांत, चटणी-भाकरी खाताना घाटातलं काही खरं वाटेना.

हात धुवायला तो रस्त्याकडं गेला. तिथं फुफाटा पिठासारखा बारीक होता आणि त्यात सायकलींच्या रेघा उमटलेल्या होत्या. त्याची रेघ ओळखायला सोपी. मागच्या टायरला एका जागी मोच्याकडून चामड्याची पट्टी शिवून घेतली होती, दर फेऱ्याला तिचा ठसा पडायचा. सगळ्यांच्या रेघा खाली, त्यावर ही ठशांची रेघ. सगळ्यांत शेवटी तो आला होता, तेव्हा त्याचीच रेघ सगळ्यांत वर पाहिजे.

तिच्यावर आणखी एक होती.

बिनपट्टीची, सरळ रेघ. त्याच्या ठशांना कापत ती दुकानाच्या दिशेनं आली होती आणि चिंचेपासून दहा पावलांवर थांबली होती. वळली नव्हती, कडेला गेली नव्हती. नुसती संपली होती. शेजारी पाय टेकल्याची खूण नव्हती.

"मास्तर, आपल्या मागून गावातलं कुनी सायकलीवर आलं का?" त्यानं विचारलं.

"नेकनुरात सायकल? पाटलाची एक हाय, ती बी मोडून पडलीय," भगवानराव म्हणाले. "कावून?"

"काही न्हाई. उगंच."

म्हाळू एका बाजूला बसून बिडी ओढत होता. राधाकिशन त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "म्हाळू, मागल्या साली गाठीला तू व्हतास ना?"

"व्हतो."

"तुला मागून घंटी ऐकू आलती?"

म्हाळूनं बिडी विझवली. अर्धी उरली होती तरी विझवली. मग म्हणाला, "तू वाजवीत जा. पाळी आली की वाजव. हात दमला, जीव दमला तरी वाजव. पाळी चुकवू नको."

"अन् मागं बघू का?"

"बघ की. कोन न्हाई मागं." त्यानं विझलेली बिडी कानावर खोचली. "मीबी लई बघितलं. कोन न्हाई."

राधाकिशनला आणखी विचारायचं होतं, पण त्याची नजर म्हाळूच्या उजव्या हातावर गेली. हात मांडीवर मोकळा पडला होता आणि त्याचा अंगठा एकसारखा हलत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. शिंप्याचा हात, मशीनीची सवय, असं राधाकिशननं मनाला सांगितलं. मशीन अंगठ्यानं चालत नाही, हे त्याला उठून उभं राहिल्यावर सुचलं.

इथूनच मागं फिरावं, असं त्याला खरोखर वाटलं. पण मागं फिरायचं म्हणजे एकट्यानं त्या घाटातून जायचं. आणि पुढं केजला पाळणा बांधून झाला असेल.

४

नेकनूर सोडल्यावर रस्ता उगवतीकडं वळतो. दुपार कलली तसं ऊन पाठीवर आलं आणि प्रत्येकाची सावली आपापल्या पुढं पडायला लागली. माळरान सपाट. आता डोंगर नव्हता, कडा नव्हता. पडसाद उमटायला काही म्हणजे काही नव्हतं.

पहिल्या मैलाला राधाकिशननं दोनदा वाजवली. मागं दोनदा वाजली.

दुसऱ्या मैलाला दोनदा वाजवली. मागं दोनदा वाजली. या खेपेला जवळ, आणि ट्रिंगच्या मागं काहीतरी अडखळलं.

तिसऱ्या मैलाला मागून आलं ते असं: ट्रिंग-टक. ट्रिंग-टक.

राधाकिशनचे पाय पायडलवर थांबले. त्यानं मान वळवली. रस्ता, ऊन, दूर एक बोरीचं झाड, त्याच्याखाली कुणी नाही. मान सरळ केली आणि ओरडला, "म्हाळू! ऐकलंस का?" म्हाळूनं खांदे वर घेतले, डोकं खाली घातलं आणि जोरात पायडल मारायला लागला. राधाकिशनला त्याच्या मागं राहणं भाग होतं. एवढ्या मोठ्या माळावर एकटं पडण्यापेक्षा ऊर फुटलेला परवडला.

त्या धावपळीत त्याला दुसरी एक गोष्ट कळली. तो केव्हाचाच पुटपुटायचा थांबला होता. तोंडाला कोरड पडली होती, जीभ हलत नव्हती. तरी पुटपुटणं चालू होतं. वाऱ्याखालून, पाठीमागून. शब्द कळत नव्हते, ताल कळत होता. पाच ठोके, मग श्वास. पाच ठोके, मग श्वास.

मग त्यानं ते बघितलं, ते मागं वळून नव्हे, तर पुढं, रस्त्यावरच. त्याची सावली त्याच्या पुढं पळत होती. फेटा, खांदे, हँडल. आणि तिच्या डाव्या अंगाला एक चाक दिसत होतं. आधी चाकाची कड. मग आरे. मग हँडलवरचा एक हात, त्याचा अंगठा घंटीवर. ती सावली त्याच्या सावलीला हळूहळू गाठत होती, कसलीही घाई नसल्यासारखी.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आपण सहज म्हणतो. घरात, अंथरुणावर बसून म्हणायला ठीक आहे. राधाकिशन त्या वेळी पुरता भ्याला होता. आणि भीती फार झाली की माणूस एखादा हिशेबी विचार पकडून बसतो, तसा त्यानं पकडला. नक्कल असली की असल पाहिजे. हे जे कोण आहे ते मी वाजवल्यावर वाजवतं. मी वाजवतो म्हणून ते वाजवतं. मी वाजवलीच नाही, तर ते काय उतरवणार? कोऱ्या कागदाची नक्कल कुणाला करता आली आहे?

विचार पक्का होता. अदालतीत टिकला असता.

चौथ्या मैलाला भगवानरावांची घंटी झाली. दुसऱ्याची, तिसऱ्याची, चौथ्याची. म्हाळूची. राधाकिशननं अंगठा घंटीवरून उचलला आणि मूठ गच्च आवळली.

एक क्षण काहीच झालं नाही. फक्त चाकांची चरचर. त्याच्या जिवात जीव आला, अगदी हसूच फुटणार होतं.

ट्रिंग-टक. ट्रिंग-टक.

मागं नव्हे. कानाशी.

"माळ पुरीऽऽ!" भगवानराव पुढून ओरडले, समाधानानं, आणि वेग वाढवला.

त्यासरशी राधाकिशनचं पुढचं चाक गाडीच्या चाकोरीत शिरलं. हँडल फिरलं, आभाळ फिरलं, आणि तो सायकलीसकट रस्त्याकडेच्या चारीत पडला. तोंडात माती गेली. कोपरं सोलली. उठायला थोडा वेळ लागला असेल, फार नाही. उठला तेव्हा माळ दोनेकशे पावलं पुढं गेली होती.

"मास्तर!" तो ओरडला. "म्हाळू! थांबा! मी पडलोय!"

आवाज चांगला निघाला होता. माळावर तो लांब जायला हवा होता. पण कुणाची मान वळली नाही, आणि वळणार नव्हतीच. कायदाच तसा होता.

रस्ता पुढं थोडा चढत होता. त्या चढावर एकेक सायकल उन्हात वर आली आणि पलीकडं उतरली. राधाकिशननं मोजल्या. एक. दोन. तीन. चार. पाच, म्हाळूची वाकलेली पाठ.

सहा.

सहाव्याच्या डोक्याला केशरी फेटा होता. राधाकिशननं हात डोक्याला लावला. केस, माती. चारीत शोधलं, काट्यांत शोधलं. फेटा नव्हता. मग त्यानं सायकल उचलली. घंटीचं वरचं झाकण गेलं होतं. खाली नुसती गंजकी स्प्रिंग आणि दांडी. झाकणही कुठं सापडलं नाही.

चढापलीकडून दोनदा ऐकू आलं. ट्रिंग-टक. ट्रिंग-टक.

तो रस्त्यावर आला आणि त्यानं खाली बघितलं. पट्टीच्या ठशांची एक रेघ चाकोरीतून चारीत गेली होती, ती त्याची. आणि पट्टीच्या ठशांची एक रेघ सरळ पुढं केजकडं गेली होती.

५

चैन उतरली होती ती बसवली, वाकडं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं, आणि राधाकिशन निघाला. वाटेत मसाजोगच्या अलीकडं गुरं घेऊन एक बाई आडवी आली. त्यानं घंटी दाबली. दांडी आत गेली, बाहेर आली. काही वाजलं नाही. तो "बाजूऽऽ" म्हणाला. बाईनं बाजू दिली नाही. गुरंच बिचकून बाजूला झाली आणि तिनं त्यांना शिव्या दिल्या. दमलेल्या माणसाचा आवाज घशातच राहतो, असं तो स्वतःला म्हणाला. म्हणत राहिला.

केजला पोचला तेव्हा सूर्य टेकला होता. वेशीजवळच्या धर्मशाळेत मंडळाचा मुक्काम. भिंतीला पाच सायकली टेकवलेल्या. आत भगवानराव चुलीपाशी हसत होते. "राधाकिशननी आज कमाल केली! एक पाळी चुकली न्हाई! गाठ असावी तर अशी!"

म्हाळू एकटाच बाहेर पायरीवर बसला होता. राधाकिशन त्याच्यासमोर उभा राहिला. म्हाळूनं वर बघितलं नाही. त्याचा अंगठा थांबला होता, दिवसात पहिल्यांदा.

"वाजवायचं सोडलंस व्हय बे?" म्हाळू जमिनीकडं बघत म्हणाला.

"एकदाच. एकच पाळी, म्हाळू."

म्हाळूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तो राधाकिशनशी बोलत होता की आपल्याशीच, ते कळायला मार्ग नव्हता. तो उठला, आत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

राधाकिशन पळत सुटला. सायकल हातात, गल्लीतून ठेचकाळत. दिवे लागायच्या आत पोचायला हवं, नाव सांगायला हवं. एवढं झालं की बाकी सगळं आपोआप जागेवर येईल, असं त्याला वाटत होतं. पोराला बघितलं की आपण कोण ते नक्की होईल.

सासूबाईंच्या दारात पडवीला कंदील लावला होता. दारात सायकल उभी नव्हती, आणि ते बघून त्याला रडूच फुटायला आलं. आत बायकांचा गलका चालला होता. पाळण्याचं गाणं संपत आलं होतं. शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून म्हटली आणि हसू उठलं.

"कोन हाय?" केशरबाई दारात आल्या. हातात परात होती. परातीत घुगऱ्या, वाफाळत्या.

"मी," राधाकिशन म्हणाला. "मी आलो. उशीर झाला का?"

केशरबाईंनी कंदिलाच्या उजेडात त्याच्याकडं नीट बघितलं. उघडं डोकं, माती, सोललेली कोपरं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. होती ती दया, आणि दयेपेक्षा वाईट काही असू शकतं असं राधाकिशनला तोवर ठाऊक नव्हतं.

"लई लांबून आला वाटतं, बाबा. बरं केलं, बारशाच्या घरून कुनी रिकामं जाऊ न्हाई. हात पुढं कर."

त्याची ओंजळ आपोआप पुढं झाली. केशरबाईंनी मूठभर घुगऱ्या घातल्या. त्या गरम होत्या, खरोखरच्या गरम.

"जावई आले का?" त्यानं विचारलं. आवाज आपला आहे की नाही, ते त्याला कळेना.

"आले की, दिवसाउजेडी आले. बीडहून पायगाडीवर. सायकल बी घरात घेऊन ठेवली त्यांनी, लई जपतेत." केशरबाईंना सांगायचा उमाळा आला होता. "अन् नाव कसं म्हनतोस? कार्डात न्हाई, बायकोला न्हाई, कुनाला पत्ता न्हाई लागू दिला. आत्ता कानात सांगितलं पोराच्या. गहिनीनाथ."

पाच अक्षरं. पाच पायडल.

"ते मी..." राधाकिशन म्हणाला. "ते नाव मी..."

"दुवा दे बाबा पोराला," केशरबाई म्हणाल्या आणि आत वळल्या.

त्यांच्या पाठीमागून दाराच्या फटीतून एवढंच दिसलं. पाळण्याची दोरी हातात धरून शिवकन्या बसली होती. तिच्यासमोर, दाराकडं पाठ करून, केशरी फेट्याचा एक माणूस पाळण्यात वाकला होता. शिवकन्येनं मान वर केली. तिनं सरळ दाराकडं, सरळ राधाकिशनकडं बघितलं, आणि तिच्या हातातली दोरी थांबली. ती बघत राहिली. मग तिनं त्या फेट्याच्या पाठीकडं बघितलं, मग पुन्हा दाराकडं. तिचे ओठ उघडले.

पोर रडायला लागलं.

फेट्याच्या माणसानं मान वळवली नाही. फक्त हात वर केला, हातात काहीतरी गोल चकचकलं, आणि दोनदा वाजलं. ट्रिंग-टक. ट्रिंग-टक.

पोर गप्प झालं. शिवकन्येनं खाली बघितलं. केशरबाईंनी दार लोटलं आणि आतून कडी घातली.

राधाकिशन पडवीखाली उभा होता. ओंजळीतल्या घुगऱ्या हळूहळू गार होत होत्या, बोटांतून एकेक खाली पडत होत्या, आणि त्याचा उजवा अंगठा आपोआप हलत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.